पाठवणाऱ्याशी नातं

नानांचं पार्सल आलं की रिसेप्शनवरच्या बाईंना ते खोक्यावरचं नाव वाचण्याआधीच कळायचं. मेण आणि कापराचा मिळून एक वास असायचा त्याला. शिवाय पत्ता सहाही बाजूंनी काळ्या मार्करने लिहिलेला, न जाणो खोकं कुठल्या अंगावर पडेल. त्यात मुलाचं नाव बारीक आणि कंपनीचं नाव ठसठशीत.

नाना म्हणजे धाकट्याचे वडील. चाळीस वर्षं एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, आता घरी असतात. धाकटा स्वतः बेचाळीस वर्षांचा, परदेशात बायको आणि आठ वर्षांच्या मुलीबरोबर राहणारा, पण ताईच्या पाठचा म्हणून घरात सगळ्यांना अजून धाकटाच. मुलीच्या कोपरांना आणि गुडघ्यांच्या मागे खाज सुटायची, कातडी लाल होऊन सोलून निघायची. तिथल्या डॉक्टरांच्या ट्यूबा झाल्या, साबण बदलून झाले, दूध बंद करून झालं. शेवटी नानांनी मेण, तेल, जस्ताची पांढरी पूड आणि चिमूटभर कापूर घोटून मलम पाठवलं, आणि पोर आठवड्याभरात सबंध रात्र झोपायला लागली. तेव्हापासून दर तीन-चार महिन्यांनी सहा बरण्या ठरलेल्या. कोल्डक्रीमच्या जुन्या काचेच्या बरण्या उकळून घ्यायच्या, मलम भरायचं, झाकण मेणबत्तीने बंद करायचं. लेबल नाही. "घरचंच आहे, लेबल कोणासाठी लावू?" असं नानांचं म्हणणं.

पार्सल कंपनीच्या पत्त्यावर यायचं, कारण दिवसा घरी कोणी नसायचं. कुरिअरवाला दाराला चिठ्ठी डकवून निघून जायचा आणि मग शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याच्या गोदामात ओळखपत्र घेऊन तासभर ताटकळावं लागायचं. कंपनीत मात्र बाई सही करून पार्सल ठेवून घ्यायच्या आणि फोन करून म्हणायच्या, "तुझं औषध आलंय रे, घेऊन जा, माझं टेबल दवाखान्यासारखं वास मारतंय."

सगळं सुरळीत चाललं होतं. एवढंच, की धाकटा आता त्या कंपनीत नव्हता.

कंपनी लिफ्ट बनवायची. धाकटा तिथे अकरा वर्षं नकाशे काढायचा. एका दुपारी अठरा जणांना एकेक करून आत बोलावलं, त्यात सहावा तो. त्याच रविवारी नानांनी फोनवर नेहमीप्रमाणे विचारलं, "ऑफिस काय म्हणतंय?" आणि त्याच्या तोंडून नेहमीप्रमाणेच निघून गेलं, "छान चाललंय." एकदा म्हटल्यावर पुढच्या रविवारी तेच म्हणणं भाग पडलं. महिन्याभराने त्याला फरशांच्या एका गोदामात काम मिळालं. पेट्या उतरवायच्या, मोजायच्या, फुटक्या वेगळ्या काढायच्या. कामात कमीपणा नव्हता, हे तो बायकोला स्वतःहून सांगायचा. ती म्हणायची, "मला काय सांगतोस? नानांना सांग." तो म्हणायचा, "सांगतो ना." याला सात महिने झाले होते.

या सात महिन्यांत दोन पार्सलं आली. बाईंनी दोन्ही सही करून घेतली, कोणाला न सांगता टेबलाखाली ठेवली, आणि जेवणाच्या सुट्टीत माल चढवायच्या फाटकापाशी येऊन त्याच्या हातात दिली. दुसऱ्या वेळी म्हणाल्या, "पत्ता बदलून घे आता. साहेबांनी पाहिलं तर मला विचारतील."

"पुढच्या वेळी नक्की," तो म्हणाला.

पुढच्या वेळी पार्सल आलंच नाही. आला बाईंचा फोन, आणि आवाज नेहमीचा नव्हता.

"कस्टम्सचं पत्र आलंय कंपनीला. बिनलेबलाचा पांढरा पदार्थ, औषधी असावा, कंपनीच्या पत्त्यावर. आधीच्या दोन पार्सलांवर माझी सही आहे म्हणून मलाही बोलावलंय. मंगळवारी दहाला. तू येतोयस."

"येतो," तो म्हणाला.

त्याच महिन्यात त्याच्या राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण चालू होतं. अर्जात नोकरीचा रकाना त्याने खरा भरला होता, गोदामाचा. आणि इथे सरकारच्याच दुसऱ्या कचेरीत त्याच्या नावाचं खोकं, तो लिफ्टच्या कंपनीत काम करतो, असं सांगत होतं. दोन कागद एकमेकांसमोर आले तर? सोमवारचा सबंध दिवस फरशा मोजताना त्याच्या डोक्यात हेच घोळत राहिलं. तीनदा मोजणी चुकली.

मंगळवारी तो पावणेदहालाच पोचला. कस्टम्सची कचेरी म्हणजे गोदामाच्या एका अंगाला काचेच्या भिंतीने काढलेली खोली. दाराशी नंबराची चिठ्ठी घ्यायची, भिंतीला स्क्रूने बसवलेल्या खुर्च्यांवर बसायचं. मधोमध स्टीलचं लांब टेबल, त्यावर वजनकाटा, पट्टी, टेप कापायची सुरी आणि हातमोज्यांचा डबा. त्याच्या आधी एका म्हाताऱ्याच्या पार्सलातून लोकरीचे मोजे निघत होते, एकामागून एक, आणि अधिकारी प्रत्येक मोज्यात हात घालून पाहत होता. म्हातारा आपल्याच पोटात कोणी हात घातल्यासारखा अंग आवळून बसला होता.

धाकट्याचा नंबर लागला. अधिकारी पन्नाशीचा, सर्दीने बेजार, नाकाशी रुमाल धरलेला. त्याने खोकं टेबलावर ठेवलं. आधीच कापलेलं होतं. नानांनी बरण्या आपल्या जुन्या बनियनांत गुंडाळल्या होत्या. स्वच्छ धुतलेली, इस्त्री केलेली बनियनं, पण काखेत विरलेली, एकाला तर मानेशी टाके घातलेले. अधिकाऱ्याने ती चिमटीत धरून बाजूला ठेवली, हातमोज्यांनी. धाकट्याने नजर वजनकाट्याकडे वळवली.

"हे काय आहे?" अधिकाऱ्याने बरणी उचलून विचारलं.

इथे तो सरळ सांगू शकत होता. मलम आहे, मुलीसाठी, माझ्या वडिलांनी केलंय. पण अधिकाऱ्याने त्याच दमात दुसरा प्रश्न टाकला. "तुम्ही या कंपनीत नोकरीला आहात?"

"नाही," धाकटा म्हणाला.

"मग पार्सल तिथे कसं?"

धाकट्याचे कान तापले. आणि मग आपलाच आवाज त्याला दुसऱ्या कोणाचा तरी ऐकावा तसा ऐकू आला. "काही चूक झाली असेल. मला याची काही कल्पना नाही."

अधिकाऱ्याने नाक पुसलं आणि एक फॉर्म पुढे सरकवला. नाव, पत्ता, मग एक रकाना होता, 'पाठवणाऱ्याशी नातं'. धाकट्याने पेन हातात घेतलं. खोक्यावर नानांचं नाव त्यांच्याच अक्षरात दिसत होतं, आणि आडनाव त्याचं आणि नानांचं एकच होतं, हे अधिकाऱ्याच्या लक्षात कसं आलं नाही कोण जाणे. की आलं होतं आणि त्याला सर्दीपुढे कशाचीच पर्वा नव्हती? धाकट्याने लिहिलं: ओळखत नाही. खाली सही केली.

"मग हे नष्ट होईल," अधिकारी म्हणाला.

"होऊ द्या."

तेवढ्यात काचेचं दार उघडून बाई आल्या. कंपनीत कधी घालत नसत तो ठेवणीतला कोट घातला होता, केस चापून बसवलेले. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी बोलावणं आलेलं माणूस दिसतं तशा दिसत होत्या. धाकट्याला पाहून त्यांना हायसं वाटलेलं त्याला स्पष्ट दिसलं, आणि तेच त्याला पुढे कित्येक दिवस छळत राहिलं.

"बाई," अधिकारी म्हणाला, "या गृहस्थांच्या नावाची दोन पार्सलं तुम्ही सही करून घेतलीत. हे म्हणतात, ते पाठवणाऱ्याला ओळखतच नाहीत. मग ती पार्सलं गेली कुठे?"

बाईंनी धाकट्याकडे पाहिलं. तो फॉर्मच्या कोपऱ्याशी बोटाने चाळा करत होता. एक शब्द बोलल्या असत्या, तर त्याची तिथेच शोभा झाली असती. आणि खरं तर त्यांनी बोलावं, असं त्याला आतून वाटतही होतं. म्हणजे सुटका झाली असती.

"दिवसाला चाळीस पार्सलं येतात," बाई शेवटी म्हणाल्या. "सही करते आणि ठेवते. लक्ष राहिलं नसेल. माझी चूक."

अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. कंपनीला तसं कळवावं लागेल, म्हणाला.

बाहेर बसच्या थांब्यावर दोघं उभी राहिली. बाईंनी पर्समधून बसचा पास काढून हातात धरला होता.

"मी तुम्हाला सांगणार होतो…" तो म्हणाला.

"त्या खोक्यावरचं अक्षर मी लांबून ओळखते," बाई म्हणाल्या. "कोपऱ्यातलं तुमच्या लिपीतलं मला वाचता येत नाही, तरी ओळखते." बस आली. त्या चढल्या आणि पुढच्या बाकावर पाठ करून बसल्या. तो चढलाच नाही. पुढच्या बसने गेला.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती मुलीच्या कोपराला बरणीच्या तळातलं मलम चमच्याच्या मागच्या बाजूने खरवडून लावत होती. सगळं ऐकून घेतलं, मुलीला आतल्या खोलीत पाठवलं, आणि मग म्हणाली, "घाबरलास ते समजतं मला. 'माझं नाही' म्हणाला असतास. 'मी मागवलं नव्हतं' म्हणाला असतास. 'ओळखत नाही' कशाला लिहिलंस?"

ताट समोर आलं ते तसंच राहिलं.

बुधवारी संध्याकाळी फोन वाजला. रविवार नसताना नानांचा फोन म्हणजे काहीतरी खास. पार्सल निघालं की ताई रोज आपल्या मोबाइलवर ते कुठपर्यंत पोचलं ते पाहायची आणि नाना वहीत टिपून ठेवायचे, गाडीचं वेळापत्रक लिहावं तसं.

"अरे, एक गंमत झालीये," नाना म्हणाले. आवाजात गंमत नव्हती, उसनी आणली होती. "ताईच्या मोबाइलवर आलंय की, ज्याच्या नावे पार्सल आहे तो पाठवणाऱ्याला ओळखत नाही. आता काय म्हणायचं याला? कोणा भलत्याच माणसाला बोलावून विचारलं असणार त्यांनी. तुमच्याकडे आपल्या आडनावाचं दुसरं कोणी आहे का ऑफिसात?"

"नाना…"

"तू कामाच्या धबडग्यात असतोस, तू नको यात पडूस. मी तुमच्या मोठ्या साहेबांनाच पत्र लिहितोय. ताई भाषांतर करून देणार आहे. दीड पान झालंय. म्हणावं, माझा मुलगा अकरा वर्षं तुमच्याकडे मान खाली घालून काम करतोय, त्याच्या बापाला असं…"

"नाना, तो मीच होतो."

"कोण?"

"कस्टम्समध्ये मीच गेलो होतो. मीच लिहिलं ते."

मग एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबता आलं नाही. नोकरी गेल्याचं, सात महिन्यांचं, फरशांचं, फाटकापाशी घेतलेल्या पार्सलांचं, परवान्याच्या अर्जाचं, सगळं त्याने भराभरा ओतलं. बनियनांचंही सांगितलं, कोणी विचारलेलं नसताना. "लाज वाटली मला, नाना. टाके दिसत होते." हे बोलून झाल्यावर आपण हे तरी निदान पोटात ठेवायला हवं होतं, असं त्याला वाटलं.

मग नानांनी विचारलं, "ती बाई कोण म्हणालास? सह्या करणारी."

"रिसेप्शनवरची."

"तिचं काय झालं?"

"तिने चूक स्वतःवर घेतली. कस्टम्सवाले कंपनीला कळवणार आहेत."

"आणि तू बघत बसलास."

"हो."

नाना खाकरले. "डॉक्टरांनी एकदा डोस चुकीचा लिहिला होता," ते सावकाश म्हणाले. "एका बाळंतिणीला त्रास झाला. तिचा नवरा आला दवाखान्यात भांडायला. डॉक्टर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, याने मोजण्यात चूक केली. मी गप्प राहिलो. त्यांचं अन्न खात होतो ना. त्यानंतर दोन वर्षं लोक माझ्यासमोर बाटली उजेडात धरून बघायचे. तुझी आईसुद्धा मला विचारायची, नक्की तुमच्याकडून नाही ना झालं?"

धाकट्याला हे कधीच माहीत नव्हतं. ताईलाही नसावं.

"मला ओळखत नाही म्हणालास ते राहू दे बाजूला," नाना म्हणाले. "मी म्हातारा माणूस, मला कोण ओळखतं आता. पण त्या बाईला असं टांगून ठेवू नकोस. उद्या जा." आणि मग, फोन ठेवता ठेवता, "ते पत्र मी फाडतो."

गुरुवारी त्याने गोदामात अर्धा दिवस सुट्टी घेतली. कस्टम्समध्ये तोच अधिकारी होता, सर्दी जरा उतरलेली. धाकटा म्हणाला, "मला माझा जबाब बदलायचाय. मी खोटं लिहिलं."

अधिकाऱ्याने खुर्ची मागे सरकवून त्याच्याकडे पाहिलं. "का?"

"पाठवणारे माझे वडील आहेत. मलम आहे, मुलीच्या अंगाला लावायचं. नोकरी गेल्याचं त्यांना सांगितलं नव्हतं, म्हणून पत्ता जुना राहिला. त्या बाईंनी पार्सलं मलाच दिली होती." परवान्याचंही त्याने सांगून टाकलं.

"परवान्याशी आमचा काय संबंध?" अधिकारी म्हणाला. "इथे खोकी बघतो आम्ही." धाकट्यामागे पुढच्या नंबराची एक मुलगी चिठ्ठी घेऊन उभी होती, तिच्या कानावर हे सगळं जात होतं. म्हणजे ज्याला भिऊन त्याने बापाला नाकारलं, ते भय निव्वळ त्याच्या डोक्यातलं होतं. अधिकारी वैतागला, चार शब्द सुनावले, खोट्या जबाबाबद्दल ताकीद म्हणून एक कागद धाकट्याच्या सहीने फाइलला लावला. मग नवा फॉर्म दिला. धाकट्याने त्या रकान्यात 'वडील' लिहिलं. पण इतक्या घाईने की ते अक्षर ओळखू येईना. अधिकाऱ्याने परत लिहायला लावलं.

"बरण्या?" धाकट्याने विचारलं.

"लेबल नसलेलं औषध आत सोडता येत नाही. खरं सांगितलं म्हणून नियम बदलत नाही." बरण्या तशाही आदल्या दिवशीच गेल्या होत्या. बनियनंही.

तिथून तो लिफ्टच्या कंपनीत गेला. या वेळी फाटकाने नाही, पुढच्या दाराने. रिसेप्शनवर बाई नव्हत्या, कोणी नवीनच मुलगी बसली होती. बाईंना काढलं की काय, असं त्याला वाटलं. पण बाई आत साहेबांसमोर होत्या, कस्टम्सच्या पत्रासाठीच. त्याने दार ठोठावलं आणि कोणी या म्हणायच्या आत शिरला. साहेबांना त्याला ओळखायला क्षण लागला, गोदामाच्या कपड्यांत होता तो, बाह्यांवर फरशांची पांढरी धूळ. त्याने उभ्याउभ्याच सांगितलं, कस्टम्सच्या नव्या जबाबाची प्रत टेबलावर ठेवली. काचेपलीकडे त्याच्या जुन्या टेबलापाशी दोघं-तिघं माना वर करून बघत होते. त्यातल्या एकाबरोबर त्याने अकरा वर्षं डबा खाल्ला होता.

साहेबांनी कागद वाचला. बाईंना कामात ढिलाईबद्दल लेखी समज द्यायची होती ती मागे घेतली, पण म्हणाले, "कामावर नसलेल्या माणसाची पार्सलं तुम्ही घेतलीत, ते काही बरोबर नव्हतं." बाई म्हणाल्या, "नाही घेणार."

बाहेर आल्यावर धाकट्याने त्यांची माफी मागितली. रस्ताभर जुळवून आणलेली वाक्यं होती, त्यातली दोनच आठवली. बाईंनी ऐकून घेतली. रिसेप्शनवरचा फोन वाजत होता आणि नवी मुलगी गोंधळली होती.

"बरं केलंस, आलास," बाई म्हणाल्या आणि फोन घ्यायला वळल्या. माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत. त्यानेही तशी अपेक्षा धरायचं कारण नव्हतं, तरी धरली होती, हे त्याला दाराबाहेर पडल्यावर कळलं.

पुढचे दोन रविवार नानांचा फोन आला नाही. धाकट्याने केला तेव्हा ताईने उचलला. म्हणाली, फिरायला गेलेत. दुसऱ्या वेळी, झोपलेत. मग आवाज खाली आणून म्हणाली, "जो भेटेल त्याला स्वतःच सांगतायत, माझ्या मुलाची ती नोकरी गेली म्हणून. कोणी विचारायच्या आधीच. मला वाटतं, सांगून सवय करून घेतायत." इकडे मुलीच्या अंगासाठी बायकोने पुन्हा डॉक्टरांकडे नाव नोंदवलं.

तिसऱ्या रविवारी फोन वाजला. धाकट्याने उचलला आणि नुसता "हं" म्हणाला.

"एक पेटी किती वजनाची असते रे?" नानांनी विचारलं.

"कसली?"

"फरशांची. तू उचलतोस ती."

"पंचवीस किलो. मोठ्या फरशा असल्या तर तीस."

"वाकून उचलतोस की बसून?"

"बहुतेक वाकूनच."

"बसून उचलायची. पाठ ताठ ठेवून. आणि दिवसाला किती?"

तो सांगू लागला. सकाळी ट्रक किती येतात, फुटकी फरशी आवाजावरून कशी कळते, सोबतचा माणूस पेटी टाकताना कसा ओरडतो. मध्ये मध्ये त्याचे कान अजून तापत होते. नाना प्रत्येक वाक्यानंतर "अच्छा" म्हणत होते, आणि त्यामागे कागदावर पेन फिरल्याचा बारीक आवाज येत होता.